आमच्या बागेतला थांबासुर

अप्पांचा चेहरा पाहिला की कुणालाही वाटावं, हा माणूस आत्ताच कुणाशी तरी कडाकडा भांडून आलाय. प्रत्यक्षात ते कुणाशीच भांडत नसत. चेहराच तसा, त्याला ते तरी काय करणार? भुवया जाड आणि मधोमध एकमेकींना भेटलेल्या, मिशा दोन्हीकडून हनुवटीपर्यंत उतरलेल्या, आणि चालताना डावा पाय जरासा फेकायची सवय. अंगात खाकी कोट, त्याला पितळी बटणं, गळ्यात शिट्टी. आमच्या सार्वजनिक बागेचे ते पहारेकरी.

मी त्याच बागेत झुकझुकगाडीच्या तिकीटखिडकीत बसते. खिडकीतून कारंजं, घसरगुंडी, झोपाळे, मोठं फाटक आणि अप्पा, एवढं जग मला रोज दिसतं. त्यामुळे पुढे जे घडलं त्यातलं निम्मंशिम्मं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. उरलेलं अप्पांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी सांगितलं. आणि वहिनी गोष्ट सांगताना तिखटमीठ लावत नाहीत. उलट असलेलंही काढून घेतात.

दिवसा अप्पांचं काम बेताचं. घसरगुंडीवर खालून वर चढणाऱ्यांना दटावायचं, कारंज्यात चपला सोडणाऱ्यांना बाहेर काढायचं, कुणाची नाडी सुटली असेल तर "बांध नीट, पडलास तर धावायला मलाच लागेल," असं म्हणून स्वतःच वाकून बांधून द्यायची. खरी लढाई संध्याकाळी. बाग बंद व्हायची वेळ झाली की अप्पा फाटकापासून शिट्टी फुंकत निघायचे. "फुर्रर्र! चला, संपली वेळ!" झोपाळ्यांवरून पोरं उठायची, ती घसरगुंडीवर जायची. घसरगुंडीवरून उठवली की फिरत्या चक्रावर. अप्पा चक्रापाशी पोचेपर्यंत पहिली टोळी झोपाळ्यावर परत हजर. पालथ्या घड्यावर पाणी! एकेक पोर फाटकाबाहेर काढता काढता त्यांच्या नाकी नऊ यायचे. पोरांनी त्यांचं नाव 'फुर्र' ठेवलं होतं. "पळा रे, फुर्र आला!" हे त्यांच्या कानांवर इतकी वर्षं पडत होतं की हाक मारल्यासारखं ते वळून बघायचे.

अप्पांना हसताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं. पूर्वी कधी तरी एका रिकाम्या झोपाळ्याची फळी उलटी येऊन तोंडावर बसली आणि समोरचा दात गेला. तेव्हापासून ते तोंड मिटून, मिशांच्या आडून, नुसतं "हं" करायचे. तेच त्यांचं हसणं. ओळखीच्या माणसांना ते कळायचं. पोरांना कसं कळणार?

त्यांना एकच मुलगी. घरात तिला चिमी म्हणतात, म्हणून आम्हीही चिमीच म्हणतो. शाळा सुटली की ती बागेत यायची आणि माझ्या खिडकीबाहेरच्या बाकावर बसून, वापरलेल्या तिकिटांच्या पाठीवर चित्रं काढायची. बाग बंद झाली की बापाचं बोट धरून घरी. आता ती मोठी झाली आणि एका कार्टून बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरीला लागली. पात्रं कशी दिसतील, कशी चालतील, हे ती ठरवते. अप्पांना विचारलं तर ते सांगायचे, "कॉम्प्युटरवर बाहुल्या काढते. पण पगार वेळेवर देतात." कार्टून त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते रेडिओवर बातम्या ऐकायचे, आणि हवामानाचा अंदाज येईपर्यंत झोपलेले असायचे.

चिमीच्या स्टुडिओचं कार्टून म्हणजे 'भिंगरी'. ही भिंगरी एक मुलगी आहे. ती स्वतःभोवती इतक्या जोरात फिरते की उडायला लागते, आणि उडत उडत शहरातली संकटं निस्तरते. माझी भाची हे कार्टून जेवणाच्या ताटासमोर लावल्याशिवाय घास उचलत नाही, म्हणून मला एवढी माहिती. तीन वर्षं भिंगरीचा एकच शत्रू होता, चिखल्या. नावाप्रमाणे चिखलाचा. दर वेळी तो यायचा, सगळं घाण करायचा, आणि शेवटी ऊन पडलं की वाळून जायचा. पोरांचा त्याच्यावर जीव होता, पण स्टुडिओतल्या मोठ्या बाईंना वाटलं, आता नवा खलनायक हवा. त्यांनी ते काम चिमीकडे दिलं.

चिमीनं चित्र काढलं, ते सगळ्यांना पसंत पडलं, आणि त्या दिवसापासून ती घरात मांजरीच्या पावलांनी वावरायला लागली. तिनं फक्त आईला दाखवलं. वहिनींनी चित्र पाहिलं, चष्मा पुसून परत पाहिलं, आणि म्हणाल्या, "त्यांना सांग."

"सांगते गं नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"आधी लोकांना आवडतंय का बघू दे."

ते 'नंतर' काही आलं नाही. रविवार मात्र आला. सकाळी भाग लागला तेव्हा अप्पा बागेत पानं गोळा करणाऱ्यांवर देखरेख करत होते.

दुपारनंतर पोरं यायला लागली, आणि मला काही तरी चुकल्यासारखं वाटलं. पोरं आल्या आल्या झोपाळ्यांकडे पळत नव्हती. फाटकातून आत शिरायची, अप्पांकडे बघून जागीच थबकायची आणि मग घोळक्यात जाऊन कुजबुजायची.

"तोच आहे."

"मिशा बघ ना!"

"मिशा काय, पाय बघ, पाय!"

अप्पांनी कोटाची बटणं तपासली. नीट लागलेली होती. पाठीवर कुणी काही चिकटवलंय का म्हणून हात फिरवून पाहिला. तेही नाही. शेवटी ते माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, माझ्या तोंडाला काही लागलंय का?"

"नाही हो अप्पा. नेहमीचंच तोंड आहे."

"मग ही पोरं अशी का बघतायत?"

मला तरी कुठे ठाऊक होतं? माझ्या भाचीनं भाग पाहिला होता, पण मला अजून सांगितलं नव्हतं.

संध्याकाळ झाली. अप्पा फाटकापासून निघाले, शिट्टी तोंडाला लावली आणि फुंकली. "फुर्रर्र! चला, संपली वेळ!"

आणि अख्खी बाग थांबली.

अगदी जशीच्या तशी! घसरगुंडीवर निम्म्यावर आलेलं पोर दोन्ही कडांना धरून तिथेच अडकून राहिलं. कारंज्यापाशी एक मुलगा बिस्किट तोंडाशी नेऊन, आ वासून उभा. दोन मैत्रिणी भांडत होत्या, त्यातल्या एकीच्या हातात दुसरीची वेणी तशीच राहिली. झोपाळ्यावरच्यांची पंचाईत झाली, कारण झोपाळा थोडाच ऐकतोय? ती पोरं पुतळ्यासारखा चेहरा करून पुढे-मागे, पुढे-मागे जात राहिली. आवाज म्हणून नाही. कारंज्याचं पाणी पडताना ऐकू यायला लागलं, जे मला त्या खिडकीत बसून इतक्या वर्षांत संध्याकाळी कधी ऐकू आलं नव्हतं.

अप्पांच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "बाई, काय झालं हो यांना?" आवाजात खरंच घाबरलेपण होतं.

आईबाप हाका मारायला लागले. "चल गं, उशीर होतोय." पुतळे हलेनात. कुणाचा तरी बाप आपल्या पोराला गुंडाळलेल्या सतरंजीसारखा काखेत मारून निघाला, आणि ते पोरही शहाणं असं, की काखेत आडवं असूनही हात वर करून तसंच ताठ राहिलं.

अप्पा जवळच्या एका मुलीसमोर वाकले. तिच्या दोन शेंड्या होत्या आणि एक पाय हवेत. "बाळ, काय होतंय? दुखतंय का कुठे?"

ती ओठ न हलवता, दातांच्या फटीतून म्हणाली, "तुम्ही हसल्याशिवाय आम्ही सुटत नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही थांबासुर आहात ना."

तिच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी हं काका, ते कार्टून... आज सकाळी नवा व्हिलन आलाय. जरा..." पुढे काय बोलावं ते तिला सुचेना. तिनं फोन काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

मीही खिडकी सोडून बाहेर आले होते. फोनवर एक धिप्पाड माणूस डावा पाय फेकत शहराच्या रस्त्यावरून चालला होता. भुवया जोडलेल्या. मिशा हनुवटीपर्यंत. खाकी कोटाला पितळी बटणं. पायांत चिखलानं बरबटलेले भलेमोठे बूट. त्यानं सोन्याची शिट्टी फुंकली आणि सगळं शहर थांबलं. पाखरं हवेत थांबली, नळाचं पाणी नळाशी थांबलं, आणि गरगर फिरणारी भिंगरी पहिल्यांदाच, एका पायावर, थांबली. "संपली वेळ!" थांबासुर म्हणाला. मग एक म्हातारं कासव हळूच सांगतं, की हा जर मनापासून हसला तरच सगळे सुटतील, पण आजवर तो कधी हसलेलाच नाही. भाग तिथेच संपला.

अप्पांनी फोन परत दिला. हसले तर नाहीतच, रागावलेही नाहीत. "बरं," म्हणाले आणि फाटकाकडे चालायला लागले. तेवढ्यात बाहेर आइस्क्रीमच्या गाडीची घंटा वाजली म्हणून बरं. पुतळ्यांना एकदम पाय फुटले आणि बाग रिकामी झाली.

घरी काय झालं ते वहिनींनी सांगितलं. अप्पा आले, खुर्चीत बसले, बूट काढले आणि बराच वेळ त्या बुटांकडे बघत राहिले.

"कुणी काढलंय ते?" त्यांनी विचारलं.

"आधी पाणी प्या," वहिनी म्हणाल्या.

चिमी दारातच उभी होती. "मी काढलंय, अप्पा."

अप्पांनी मान वर केली. वहिनींना वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण ते म्हणाले, "माझे बूट इतके मळके असतात?"

"अप्पा, ते तुमचे नाहीत. म्हणजे तुमचेच, पण..."

"रोज सकाळी पॉलिश करतो मी. तू बघतेस."

एवढंच. मग जेवले, रेडिओ लावला, आणि हवामानाचा अंदाज ऐकून संपला तरी जागे होते. वहिनींनी त्यावरून ओळखलं, की हे मनाला लागलंय.

दुसऱ्या दिवशी अप्पा बागेत आले तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. त्यांनी मिशा साफ काढून टाकल्या होत्या! इतकी वर्षं झाकलेला वरचा ओठ पांढराफटक दिसत होता, उन्हात न गेलेल्या माणसासारखा. त्यांना वाटलं, मिशी गेली की ब्याद गेली. पण पोरांसमोर कुणाचं चाललंय?

"थांबासुरानं वेष बदललाय!" पहिल्या पोरानं फाटकातूनच बोंब ठोकली.

"ओळखू येऊ नये म्हणून!"

"म्हणजे नक्कीच मोठा डाव आहे!"

त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त गर्दी झाली. पलीकडच्या वस्तीतली पोरंही आली. अप्पा कपाळाला हात लावून चौकीत बसून राहिले. शिट्टी फुंकायची त्यांना चोरी झाली. फुंकली की पुतळे. नाही फुंकली तर बाग बंद कशी करायची? भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्यांची गत. तीन-चार संध्याकाळी त्यांनी हातानं खुणा करून, विनवण्या करून बाग रिकामी केली. पोरं हिरमुसली होऊन जायची. "आज फुंकली नाही," असं एकमेकांना सांगायची, जसं काही खेळ रद्द झालाय.

तिकडे स्टुडिओत निरोपांचा पाऊस पडत होता. चिमी ते आईला दाखवायची, आणि वहिनी स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ते मोठमोठ्यानं वाचायच्या. स्वतःशीच वाचतेय असं दाखवून. बाहेरच्या खोलीत अप्पा पेपर वाचत असायचे, तोही वाचतोय असं दाखवूनच.

"ऐका, काय लिहिलंय," वहिनी भिंतीला सांगायच्या. "'आमचा चिखल्या असताना हा म्हातारा कशाला आणलात? चिखल्याला परत आणा, नाही तर मी कार्टून बघणार नाही. वय वर्षं सात.' हे बघा दुसरं. 'भिंगरी हरली म्हणून मी जेवले नाही. मग जेवले.' ही कोण तरी आई आहे. 'थांबासुरानं कृपया रोज आमच्या घरी सकाळी यावं आणि जुळ्यांचे कपडे घालून होईपर्यंत शिट्टी वाजवावी.'"

पेपरामागून "हं" आलं.

चिखल्यावाल्यांचं आणि थांबासुरवाल्यांचं चांगलंच जुंपलं होतं. चिखल्यावाले म्हणायचे, याला धड एक भीतिदायक शक्तीही नाही, नुसती शिट्टी. थांबासुरवाले म्हणायचे, अख्खं शहर थांबवलं, अजून काय हवंय? कुणी त्याचा पाय का फेकला जातो याची मोठी कथाच रचली होती. कुणी म्हणत होतं, बूट इतके मळलेत त्या अर्थी हा फार लांबून चालत आलाय, कुणी तरी पुसून द्या. मोठी माणसंही उचलली जीभ लावली टाळ्याला करत होती. आणि त्या सगळ्या गदारोळात कुणा अनोळखी बाईनं लिहिलं होतं, "मला हा वाईट वाटत नाही. हा दमलेला वाटतो. दिवसभर सगळ्यांना सांभाळून याला घरी जायचंय."

वहिनींनी ते वाचलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

"ते परत वाच," बाहेरून आवाज आला.

"कोणतं? चिखल्याचं?"

"दमलेलं."

वहिनींनी परत वाचलं. पेपराचं पान उलटल्याचा आवाज काही आला नाही.

त्याच आठवड्यात ते घडलं. अप्पा हातवारे करत पोरांना बाहेर काढत होते. एक अगदी छोटं पोर, नीट बोलताही न येणारं, गळ्यात टॉवेल बांधून भिंगरी झालं होतं. ते अप्पांसमोर आलं, दोन्ही हात पसरले आणि गरगर फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, खूप फिरलं. मग थांबलं. डोकं अजून फिरतच होतं बिचाऱ्याचं. ते तिरपं-तिरपं चालत गेलं, कचरापेटीसमोर उभं राहिलं, छाती पुढे काढली आणि बोट रोखून कचरापेटीला म्हणालं, "थांबाशुला, शलन ये!"

कचरापेटी काही बोलली नाही. पोरानं वाट पाहिली. मग फारच मोठ्या मनानं तिला थोपटलं आणि म्हणालं, "बलं. माफ केलं."

अप्पांनी तोंडावर हात नेला, पण उशीर झाला होता. आधी खांदे हलले, मग पोट, आणि मग जे हसू बाहेर आलं ते "हं" नव्हतं. खो खो! डोळ्यांतून पाणी, तोंड उघडं, दाताची खिंड सगळ्या बागेला दिसतेय. मिशीचा आडोसाही नाही. मी खिडकीत उभी राहिले.

"हसला!" दोन शेंड्यांची मुलगी किंचाळली. "थांबासुर हसला! सुटलो!"

"सुटलो!" बाग ओरडली. घसरगुंडी, झोपाळे, चक्र, सगळीकडून पोरं निघाली ती थेट फाटकाबाहेर, विजयाच्या आरोळ्या ठोकत. आईबाप पिशव्या आणि चपला गोळा करत मागून धावले. बघता बघता बाग रिकामी. अप्पा हातात किल्ल्या घेऊन मधोमध उभे, डोळे पुसत.

"बाई," ते म्हणाले, "बंद झाली की हो."

दुसऱ्या दिवशी चिमी स्टुडिओतून परस्पर बागेत आली आणि माझ्या खिडकीबाहेरच्या बाकावर बसली. अप्पा फेरी संपवून आले, जरा थांबले, मग शेजारी बसले. मी तिकिटांचे गठ्ठे लावत होते. ऐकायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

"रागावलात?" चिमीनं विचारलं.

"रागावलो असतो तर बोललो असतो. मला एवढंच कळत नाही, तुला मी असा दिसायचो?"

"स्टुडिओतल्या बाईंनी सांगितलं, खलनायक असा हवा की ज्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. मला दुसरं कुणी आठवलंच नाही, अप्पा. मी इथे बसायचे आणि बघायचे. एवढी मोठी मोठी पोरं, त्यांचे आईबाप, सगळे तुमच्या शिट्टीनं उठायचे. मला वाटायचं, माझ्या बापाएवढा ताकदवान माणूस जगात नाही."

"कसले उठायचे! झोपाळ्यावरून उठून घसरगुंडीवर जायचे."

"ते मला तेव्हा कळत नव्हतं ना." ती हसली, मग गंभीर झाली. "आणि खरं सांगू? रागही यायचा. बाकीच्यांचे बाबा त्यांना खेळायला आणायचे. माझे बाबा सगळ्यांचा खेळ संपवायचे. शाळेत पोरं मला 'फुर्रची मुलगी' म्हणायची. एकदा मी सांगितलं होतं, की तुम्ही माझे बाबा नाहीच, शेजारचे आहात."

अप्पांनी गळ्यातली शिट्टी उगीचच पुसली. "मला वाटायचं, तू इथे माझी वाट बघत बसतेस."

"वाट बघतच बसायचे, अप्पा. दोन्ही खरं आहे."

कारंज्यापाशी कुणी तरी चप्पल बुडवत होतं. अप्पांनी बसल्या जागेवरूनच भुवई उचलली आणि चप्पल परत पायात गेली.

"ती भिंगरी हरवणार कधी मला?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या भागात. हसवून."

"म्हणजे हसणार तो? तोंड उघडून?"

"हो."

"मग दात काढलायस?"

"काढलाय की. म्हणजे तो काढलेलाच काढलाय. जागा रिकामी आहे."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं, आणि दोघंही एकदम फुटले. माझ्या हातातला तिकिटांचा गठ्ठा सुटून खिडकीभर पसरला. नंतर अप्पांनी बुटांचा विषय काढलाच. चिमी म्हणाली, बुटांचं बघते, पण चाहत्यांना मळकेच आवडलेत, त्यांना विचारावं लागेल. "माझे बूट आणि विचारायचं त्यांना," अप्पा पुटपुटले.

त्यानंतर बाग बंद करायची नवी रीत सुरू झाली. अप्पा एकदा शिट्टी फुंकतात, पोरं पुतळे होतात. मग अप्पा रुबाबात, डावा पाय जरा जास्तच फेकत, पुतळ्यांची पाहणी करतात. एखाद्याची नाडी सुटली असेल तर त्याला हलता येत नाही म्हणून तीही बांधून देतात. मग तोंड उघडून हसतात आणि सगळी पोरं "सुटलो!" करत फाटकाबाहेर. कुणी आगाऊ पोर परत आत शिरायला लागलं तर बाकीचीच त्याला खेचतात, "ए, सुटलोय आपण, परत अडकशील!"

नवा भाग तयार झाला तेव्हा स्टुडिओनं एका सभागृहात मुलांना बोलावून तो मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरवलं. चिमीनं मलाही पास दिला. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मिशा अर्ध्यामुर्ध्या उगवल्या होत्या, त्यामुळे ते ना थांबासुर दिसत होते ना अप्पा. आम्ही मागच्या रांगेत बसलो. अप्पांच्या शेजारी चष्मा लावलेला एक मुलगा बसला होता. त्यानं अप्पांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आजोबा, तुम्ही पहिल्यांदाच बघताय?"

"हो रे."

"घाबरू नका हं. थांबासुर खरा नसतो."

"नक्की ना?"

"नक्की. माझा हात धरा हवं तर."

अप्पांनी खरंच त्याचा हात धरला. पडद्यावर थांबासुर आला तेव्हा अर्धं सभागृह "हुर्यो!" करत होतं आणि अर्धं टाळ्या वाजवत होतं. चिखल्यावाले पोस्टर घेऊन आले होते, आणि चिखल्या क्षणभर दिसला तेव्हा छत उडायचं बाकी राहिलं. मग भिंगरी थांबलेल्या पायावर डुगडुगत असं काही करते की थांबासुराला हसू आवरत नाही. मी सांगत नाही काय ते, पण त्यात एक कचरापेटी आहे. त्याचं तोंड उघडलं, दाताची खिंड दिसली, आणि पाखरं उडाली, पाणी पडलं, शहर सुटलं. सगळी मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. शेजारचा मुलगा मात्र रडवेला झाला.

"आता हा जाणार?" त्यानं अप्पांना विचारलं. "कायमचा?"

"छे! जाणार कुठे? नोकरी आहे त्याची."

"खलनायकाची नोकरी असते?"

"असते तर. रविवारीही सुटी नाही."

मुलानं विचार केला. "मग बरं आहे," म्हणाला, आणि नाक पुसलं.

भाग संपल्यावर चिमीला बाहेर एका टेबलाशी बसवलं. मुलांना तिच्याकडून थांबासुराचं चित्र काढून हवं होतं. नुसती झुंबड! कोपरं, बॅगा, पालकांचे फोन, कुणी टेबलावर चढतंय, कुणी खालून शिरतंय. चिमीच्या हातातला पेन धक्क्यानं उडून गेला. अप्पा भिंतीशी तिची पर्स आणि पाण्याची बाटली धरून उभे होते. त्यांनी पर्स माझ्याकडे दिली, बाटली खाली ठेवली आणि पुढे झाले.

"ए, ढकलू नका. एका रांगेत या. लहान पुढे, मोठे मागे. ताई दमलीय, तिला श्वास घेऊ द्या." आवाज मुळीच चढवला नव्हता. रांग सरळ झाली ती भिंतीपासून दारापर्यंत. सगळ्यांना वाटलं, हे सभागृहाचेच कुणी आहेत. पुढे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी आईनं विचारलं, "काका, माझा नंबर कितवा लागेल हो? आणि तुम्ही इथले व्यवस्थापक ना?"

"नाही," अप्पा म्हणाले. "मी तिचा बाप आहे. तुमचा नंबर त्या निळ्या टोपीच्या मागे."

वहिनी म्हणाल्या, त्या दिवशी घरी यायला बराच उशीर झाला. चिमी केव्हाच दमली होती, पण रांगेतलं शेवटचं पोर चित्र घेऊन जाईपर्यंत अप्पा काही तिथून हलले नाहीत.